घरचं हवामान केंद्र कॉम्प्युटरला जोडताना: ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचपाखाडीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून जरा दूर, एक लोखंडी पाइप उभा आहे. त्यावर वाऱ्याच्या तीन वाट्या फिरतात, खाली पावसाचं नरसाळं आहे, आणि तिथले आकडे दर पाच मिनिटांनी घरातल्या कॉम्प्युटरात जमा होतात. पाइप दिसला की शेजारीपाजारी विचारतात, ओळखीतून घोडबंदर रोडवरून, कोपरीतून, ऐरोलीतून फोन येतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळं दिसतंच. मग कॉम्प्युटर कशाला?

स्क्रीनवर दिसतो तो आत्ताचा क्षण. फार तर आजचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा. गेल्या वर्षी १५ जुलैला दुपारी तीन ते चार या तासात किती पाऊस पडला, हे स्क्रीन सांगू शकत नाही, कारण ते तिला आठवतच नाही.

२६ जुलै २००५ आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही वेधशाळा मुंबईतल्याच, अंतर पंचवीसेक किलोमीटर. इतक्या जवळच्या दोन ठिकाणांत एवढं अंतर पडू शकतं, तर येऊरच्या पायथ्याशी किती पडला आणि खाडीकाठी किती, हे सांताक्रूझच्या आकड्यावरून कसं कळणार? ते तिथल्या तिथे मोजलं आणि जपून ठेवलं तरच कळेल. कॉम्प्युटर हवा तो या जपणुकीसाठी. पाच मिनिटांना एक या हिशोबाने दिवसाला २८८ आणि वर्षाला एक लाखाहून जास्त नोंदी होतात, आणि तरी सगळं वर्ष पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावतं.

माझं केंद्र कॉम्प्युटरला जोडता येईल का, हे कसं ओळखायचं?

कन्सोल, म्हणजे घरात ठेवायची स्क्रीन, उलटी करून बघा. मागे किंवा बाजूला यूएसबी असेल तर आधी माहितीपत्रकात एवढं तपासा की ती डेटासाठी आहे की नुसत्या विजेसाठी. डेटासाठी असेल तर सरळ केबल लावून काम होतं. डेव्हिस या कंपनीच्या जुन्या कन्सोलमध्ये मात्र डेटा लॉगर नावाचा छोटा तुकडा वेगळा विकत घेऊन बसवावा लागतो. तो नसेल तर केबल लावायला जागाच नाही.

यूएसबी नाही पण वायफाय आहे, असं असेल तर केबल विसरा. केंद्र राउटरला जोडलं जातं आणि कॉम्प्युटर त्याच राउटरवरून आकडे घेतो. हल्ली विकली जाणारी बहुतेक केंद्रं या प्रकारची आहेत. इकोविटसारख्या कंपन्यांच्या केंद्रांच्या मांडणीत, म्हणजे सेटिंग्जमध्ये, 'कस्टम सर्व्हर' असा एक पर्याय असतो. तिथे आपल्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता टाकला की आकडे कंपनीच्या सर्व्हरबरोबर आपल्या घरातही येऊ लागतात. विकत घेण्याआधी हा पर्याय आहे की नाही, एवढं विचाराच. नसेल तर तुमच्या गच्चीवरचा आकडा परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन मग मोबाइलवर येतो, आणि ती सेवा बंद झाली की आकडे बंद.

दोन्ही नसेल तरी वाट आहे. गच्चीवरचे सेन्सर रेडिओवरून बोलतात. यूएसबीला लावायचा एक छोटा रेडिओ रिसीव्हर मिळतो, त्याला आरटीएल-एसडीआर डोंगल म्हणतात. त्याच्या जोडीला 'आरटीएल ४३३' नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं की ते पुष्कळ कंपन्यांच्या सेन्सरची भाषा थेट ऐकतं आणि कन्सोलला मध्ये घ्यावंच लागत नाही. पहिल्यांदा चालू केलंत की शेजाऱ्यांचे सेन्सर आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या टायरमधले दाबमापकही यादीत दिसतील. घाबरू नका, आपल्या सेन्सरचा ओळख क्रमांक शोधून बाकीचे गाळून टाका.

बाहेरून मागवताना ८६८, ९१५ असे प्रकार दिसतात. कोणता घेऊ?

हे आकडे मेगाहर्ट्झमध्ये, सेन्सर ज्या लहरीवर बोलतो तिचे आहेत. ९१५ अमेरिकेसाठी आहे. आपल्याकडे त्याच्या लगतच्या ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल चालतो, त्यामुळे तो घेऊच नका. भारतात ८६५ ते ८६८ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे. म्हणून नुसतं '८६८' लिहिलेलं असेल तर प्रत्यक्ष लहर ८६८ च्या आत आहे की किंचित वर, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि नातेवाईक अमेरिकेहून येताना आणतो म्हणाला, तर आधी मॉडेल बघा. तिकडच्या दुकानात ९१५ वालंच मिळतं.

यूएसबी लावलं, पण कॉम्प्युटर ओळखतच नाही.

दहांपैकी निम्म्या वेळा केबल दोषी असते. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोनचे फोटो ज्या केबलने कॉम्प्युटरवर उतरतात अशी केबल लावून बघा. दुसरं म्हणजे लांबी. यूएसबीची केबल पाच मीटरच्या वर साथ देत नाही. लांब जायचंच असेल तर कॉम्प्युटर कन्सोलजवळ आणा.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा. केबल लावताना यादीत काहीतरी नवं दिसलं तर तार ठीक आहे. तिथे पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हर हवा. काही कन्सोल कॉम पोर्ट म्हणून दिसतात आणि सॉफ्टवेअरला तो पोर्ट क्रमांक व वेग सांगावा लागतो. डेव्हिसचा नेहमीचा वेग १९२०० आहे. लिनक्सवर उपकरण दिसतं पण वाचता येत नाही, असं झालं तर तो परवानगीचा प्रश्न असतो, बिघाड नव्हे.

आणि एक चूक भलेभले करतात. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी एका कन्सोलशी बोलू शकत नाहीत. कंपनीचं सॉफ्टवेअर मागे चालू राहिलेलं असतं आणि आपण नव्यात दोष शोधत बसतो.

वायफायवालं केंद्र राउटरला जोडलंच जात नाही.

ही उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवतात, फोन ५ वर असतो, आणि जोडणी अर्ध्यावर सुटते. राउटरच्या मांडणीत जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा आणि मग जोडा. जोडणी होईपर्यंत फोनचा मोबाइल डेटा आणि लोकेशनची परवानगी यांकडेही लक्ष असू द्या: डेटा बंद, लोकेशन चालू.

जोडून झालं की राउटरमध्ये त्या उपकरणाचा पत्ता कायमचा बांधून टाका. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करत राहतो.

खोक्यावर शंभर मीटर लिहिलंय. मी चौथ्या मजल्यावर, सेन्सर सातमजली इमारतीच्या गच्चीवर. सिग्नल का येत नाही?

शंभर मीटर हा मोकळ्या मैदानातला आकडा. आपल्याकडे मध्ये स्लॅब असतात आणि प्रत्येक स्लॅबमध्ये सळयांची जाळी. तीन स्लॅब पार करणं छोट्या सेन्सरला जड जातं. सरळ खाली उतरण्यापेक्षा सिग्नल खिडकीतून आत येतो तेव्हा बरा मिळतो. म्हणून सेन्सर गच्चीच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या खिडकीत कन्सोल ठेवून बघा, आणि लोखंडी ग्रिल व फ्रिजपासून दूर.

तेवढ्यानेही जमलं नाही तर मी सुचवेन तो मार्ग असा: गेटवे, म्हणजे सेन्सरचे आकडे ऐकून ते नेटवर्कवर पाठवणारी छोटी डबी, वरच्या जिन्याच्या खोलीत किंवा लिफ्टच्या मशीन रूमबाहेर सुरक्षित कोरड्या जागी ठेवा आणि तिथून खाली नेटवर्कची केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत चालते. वरच्या मजल्यावरचं एखादं कुटुंब वायफाय वापरू देत असेल तर तेही चालेल. आमच्याकडे सुरुवातीला असंच एका काकूंच्या घरातून चालायचं. त्यांना रोज सकाळी कालचा पाऊस कळवायचा, एवढीच त्यांची अट होती.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

विंडोजवर असाल आणि डोक्याला ताप नको असेल तर क्युम्युलस एमएक्स. मोफत आहे, लिनक्सवरही चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं (नेहमीचा पोर्ट ८९९८) आणि बरीच केंद्रं ओळखतं.

मी स्वतः वापरतो ते वी-डब्ल्यूएक्स. शोधताना इंग्रजीत डब्ल्यू, मग दोनदा ई, मग पुन्हा डब्ल्यू आणि शेवटी एक्स असं टाइप करा. तेही मोफत आणि खुलं आहे, पायथनमध्ये लिहिलेलं आहे, लिनक्स आणि मॅकवर चालतं. विंडोजवर थेट चालत नाही. मला ते आवडतं याचं कारण एकच: नोंदी एसक्यूलाइट नावाच्या साध्या, सर्वांना उघडता येणाऱ्या फाइलमध्ये राहतात. उद्या सॉफ्टवेअर बदललं, केंद्राची कंपनी बंद पडली, तरी ती फाइल तुमची आणि वाचता येणारी. ज्या सॉफ्टवेअरमधून नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता येत नाहीत ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

घरात दिवे-पंखे आधीच होम असिस्टंटवर असतील तर केंद्र त्यालाही जोडता येतं. पण त्यात तपशीलवार नोंदी काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात आणि पुढे तासाच्या सरासरीच उरतात. पावसाच्या अभ्यासाला ते पुरत नाही.

म्हणजे कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा? विजेचं बिल?

मोठा कॉम्प्युटर नको. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर या कामाला भरपूर होतो. पाच वॅट धरले तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास खर्च. पडून असलेला जुना लॅपटॉपही उत्तम, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते. फक्त विंडोजची झोपायची सवय आणि अपडेटनंतर आपोआप बंद-चालू होणं, या दोन गोष्टींचा बंदोबस्त करा आणि कॉम्प्युटर सुरू झाला की सॉफ्टवेअरही आपोआप सुरू होईल असं ठेवा.

रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड हा त्याचा कच्चा दुवा. अचानक वीज जाऊन माझं एक कार्ड खराब झालं आणि ऐन श्रावणातल्या अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. ते दिवस परत मोजता येणार नाहीत, म्हणून अजून वाईट वाटतं. तेव्हापासून रोज रात्री फाइलची एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर जाते. पहिल्याच दिवशी ही सोय करा.

वीज गेली तर मधल्या नोंदी मिळतात का?

कन्सोलवर अवलंबून आहे. सेन्सर बॅटरीवर असतात, ते मोजत राहतात. कन्सोलमध्ये स्मृती आणि बॅटरी असेल तर कॉम्प्युटर परत सुरू झाल्यावर मागच्या नोंदी उतरवून घेतो. डेव्हिसच्या लॉगरमध्ये २५६० नोंदी मावतात, म्हणजे पाच मिनिटांच्या अंतराने जवळजवळ नऊ दिवस. फाइन ऑफसेट बनावटीच्या जुन्या यूएसबी कन्सोलमध्ये ४०८०, म्हणजे चौदा दिवस. अंतर अर्ध्या तासाचं केलं तर दिवस सहापट वाढतात, पण मग जोराच्या सरीचा आकार हरवतो. सुट्टीत गावाला जातानाच तसं करा.

वायफायच्या बहुतेक छोट्या गेटवेंना मात्र स्मृती नसते. तिथे राउटर, गेटवे आणि रास्पबेरी पाय तिन्ही एका छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर टाका.

पाऊस २.५४ दाखवतोय, सेन्सर तर ०.२ च्या पटीत मोजतो. असं कसं?

एककांचा घोळ आहे. पुष्कळ केंद्रं वेदर अंडरग्राउंड या घरगुती केंद्रांचे आकडे गोळा करणाऱ्या संकेतस्थळाच्या पद्धतीने आकडे पाठवतात आणि त्या पद्धतीत पाऊस इंचात, तापमान फॅरनहाइटमध्ये, दाब पाऱ्याच्या इंचात असतो. परत मिलिमीटर करताना आकडे असे तुटके होतात. नोंदी कोणत्या एककात साठवायच्या हे पहिली नोंद पडण्याआधी ठरवा. वी-डब्ल्यूएक्समध्ये मुळात अमेरिकी एककं असतात. 'मेट्रिक' निवडलं तर पाऊस सेंटिमीटरमध्ये साठतो. मिलिमीटर हवे असतील तर 'मेट्रिक डब्ल्यूएक्स' निवडा. मध्येच बदललंत तर अर्धी फाइल एका भाषेत आणि अर्धी दुसऱ्या भाषेत होते.

हवेचा दाब शेजाऱ्याच्या केंद्राशी जुळत नाही.

तो तळमजल्यावर आणि तुम्ही चौदाव्यावर असाल तर जुळणारच नाही. आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरवर कन्सोल असेल तर जवळजवळ ६ चा फरक. दाबमापक कन्सोलच्या किंवा गेटवेच्या आत असतो, गच्चीवर नाही. म्हणून उंची मोजायची ती कन्सोलची. ती सॉफ्टवेअरमध्ये भरा, मग समुद्रसपाटीला आणलेला दाब सांताक्रूझच्या आकड्याशी शांत सकाळी पडताळा.

कन्सोलवरच्या ढग-सूर्याच्या चित्रांवर मात्र आपल्या भागात विसंबू नका. ती चित्रं दाब चढतोय की उतरतोय यावर बनतात. उष्ण कटिबंधात दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. दुपारी दाब उतरला म्हणून पाऊस येणार असं नसतं. ही भरती-ओहोटीसारखी दुहेरी लाट कॉम्प्युटरवरच्या आठवड्याच्या आलेखात इतकी सुरेख दिसते, की जोडणी झाल्यावर प्रत्येकाने पहिल्यांदा तोच आलेख काढावा. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असताना तर ती छापल्यासारखी येते.

पेपरातला पाऊस आणि माझा पाऊस जुळत नाही. माझं यंत्र चुकतंय का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

पहिलं कारण दिवसाचं. तुमच्या सॉफ्टवेअरचा दिवस मध्यरात्री बदलतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो: काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहितात. समजा रात्री बारा ते सकाळी आठ असा झोडपला. तुमच्याकडे तो सगळा आजच्या खात्यात, आणि कालच्या दिवसाचा उरलेला भाग वेगळा. पेपरात दोन्ही एकत्र. क्युम्युलसमध्ये दिवस मध्यरात्री बदलायचा की सकाळी नऊला, एवढेच पर्याय आहेत, साडेआठ नाही. म्हणूनच पाच मिनिटांच्या मूळ नोंदी जपायच्या. त्यांच्यातून साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज कधीही करता येते.

अशी बेरीज केली की हवामान खात्याच्या शब्दांना तुमच्या गच्चीवर अर्थ येतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ पर्यंत 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ 'अति जोरदार', त्यापुढे 'अत्यंत जोरदार'. आणि २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर तो पावसाळी दिवस धरतच नाहीत.

दुसरं कारण जागेचं, ते वर २००५ च्या उदाहरणात आलंच. तिसरं कारण यंत्राचं. घरगुती पर्जन्यमापकात तराजूसारखी दोन पारड्यांची छोटी डोलणारी वाटी असते. एक पारडं भरलं की उलटतं आणि ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची एक नोंद पडते. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत ०.२ ची वाटी दर सात सेकंदांना उलटते. उलटण्याच्या त्या क्षणात पडणारं पाणी मोजलं जात नाही, त्यामुळे आपल्या मुसळधार सरींत ही यंत्रं कमीच दाखवतात. कठड्याजवळ वारा भोवरा करतो तेव्हा थेंब नरसाळ्यावरून उडून जातात, तेही कमीच. जास्त दाखवत असेल तर शोध वेगळा घ्या: वर टाकीचा ओव्हरफ्लो आहे का, पाइप वाऱ्याने हलतोय का.

पर्जन्यमापक घरच्या घरी तपासता येतो का?

येतो, आणि दर मे महिन्यात तपासायलाच हवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, यावर सगळा हिशोब उभा आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. ११ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटरला साडेनऊ मिलिलिटर. आता ४७५ मिलिलिटर पाणी बाटलीत घ्या, झाकणाला सुईने बारीक छिद्र पाडा आणि ती नरसाळ्यावर उलटी धरून ठिबकू द्या. तासभर तरी लागला पाहिजे. घाईने ओतलं तर वर सांगितलेली चूक होते. यंत्राने ५० दाखवायला हवेत. ४६ दाखवले तर सॉफ्टवेअरमध्ये १.०९ चा गुणक घाला. ही चाचणी करताना सॉफ्टवेअर थांबवा, आणि कन्सोलला स्मृती असेल तर नंतर उतरलेला तो खोटा पाऊस नोंदींतून काढा, नाहीतर मे महिन्यात पाऊस पडल्याची नोंद कायमची बसेल.

तपासण्याआधी जाळी साफ करा. धूळ, कबुतराची पिसं, कोळ्याची जाळी, कधी कधी वाटीखाली मुंग्यांचं घर. कबुतरं पाइपवर बसू नयेत म्हणून नरसाळ्याच्या कडेने केबल टाय उभे लावा, टोकं न कापता. तेवढं पुरतं.

बाल्कनीतला सेन्सर दुपारी ४० च्या वर जातो. खरंच एवढं ऊन?

तो हवेचं नव्हे, भिंतीचं तापमान सांगतोय. वेधशाळेत तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, गवतावर असतो. आपल्याकडे तशी जागा नाही, पण सेन्सरला पांढऱ्या थाळ्यांची छत्री असलीच पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून, पश्चिमेच्या भिंतीपासून आणि काळ्या डांबरी वॉटरप्रूफिंगपासून शक्य तेवढा लांब. गच्चीवर निदान दीड-दोन मीटर उंच. जागा आदर्श नसेल तर ती आहे तशी वहीत लिहून ठेवा आणि मग बदलू नका. एकाच जागेचे दहा वर्षांचे आकडे एकमेकांशी तुलना करायला उपयोगी पडतात.

जुलैभर आर्द्रता ९९ वरच अडकलीय.

काही दिवस ती खरीच तेवढी असते. पण ऊन पडल्यावरही खाली येत नसेल तर सेन्सरवर पाणी साचलंय किंवा तो थकलाय. आपल्या हवेत आर्द्रतेचा सेन्सर सर्वांत आधी दगा देतो. वेगळा मिळत असेल तर बदलून टाका.

वाऱ्याची दिशा कशी जुळवायची?

बसवताना सेन्सरवरची उत्तरेची खूण खऱ्या उत्तरेला करायची. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे वेगळी दुरुस्ती नको. मात्र लोखंडी पाइपजवळ फोनचं होकायंत्र चुकतं. दहा पावलं लांब उभं राहून दिशा धरा. ठाण्यात पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि पूर्वेला खाडी दिसते, त्यावरून ढोबळ चूक लगेच कळते. वाऱ्याचा वेग दहा मीटर उंचीवर, मोकळ्यावर मोजतात. तीन बाजूंना टॉवर असतील तर तुमचा वेग हा त्या फटीतला वेग आहे, हे ध्यानात ठेवून बोला.

दर काही दिवसांनी नोंदी गोठतात. कन्सोल चालू, कॉम्प्युटर चालू, पण आकडा तोच.

काही जुन्या यूएसबी कन्सोलचा हा ओळखीचा आजार आहे. कन्सोल स्वतःच्या स्मृतीत लिहीत असताना कॉम्प्युटरने नेमकं तेव्हाच विचारलं की यूएसबीचं बोलणं बंद पडतं. केबल काढून लावल्याने सुटत नाही. कन्सोलची बॅटरी आणि वीज दोन्ही काढून परत लावावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये कन्सोलच्या लिहिण्याची वेळ टाळून वाचायचा पर्याय असतो, तो चालू करा. मी शिवाय अर्धा तास नवी नोंद आली नाही तर फोनवर संदेश येईल अशी सोय केली आहे.

आकडे इंटरनेटवर टाकावेत का?

जरूर टाकावेत. वेदर अंडरग्राउंड, विंडी ही संकेतस्थळं आणि सीडब्ल्यूओपी हा नागरिकांच्या हवामान नोंदींचा उपक्रम, यांच्याकडे घरगुती केंद्रांचे आकडे घेतले जातात. पाऊस सुरू असताना मुलुंडला किती, वाशीला किती, हे एकमेकांना दिसणं मोलाचं आहे. अक्षांश-रेखांश देताना दशांश चिन्हानंतर दोनच आकडे द्या. तीन दिले तर तुमची इमारत शंभरेक मीटरच्या आत सापडते. पण मूळ फाइल घरातच असू द्या.

सोसायटीची परवानगी लागते का? आणि विजांचं काय?

गच्ची सगळ्यांची आहे. सेक्रेटरींना अर्ज द्या, स्लॅबला भोक न पाडता वजनाच्या ठोकळ्यावर पाइप उभा करू असं लिहा, आणि दर महिन्याचा पाऊस नोटीस बोर्डावर लावायचं कबूल करा. आमच्याकडे त्या कागदासमोर लोक थांबून वाचतात.

विजांसाठी: पाइप इमारतीच्या वीजवाहकापेक्षा उंच नसावा, आणि गच्चीवरून तांब्याची केबल आणली असेल तर मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात ती कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. सेन्सर हलला, पडला तरी अशा वेळी वर जायचं नाही.

चुकीचे आकडे पुसून टाकू का?

साफसफाई करताना पडलेला खोटा पाऊस काढून टाकावाच. पण कोणत्या तारखेला, किती वाजता, काय आणि का काढलं, हे एका साध्या वहीत लिहा. बॅटरी बदलली, सेन्सर नवा जोडला, गुणक बदलला, तेही लिहा. आणि अविश्वसनीय वाटला म्हणून मोठा आकडा पुसू नका. आपल्याकडे अविश्वसनीय पाऊस पडतो.

पहिला पावसाळा नोंदून झाला. आता या आकड्यांचं काय करू?

महिनावार बेरीज सगळेच करतात. मी नक्षत्रवार करतो. माझी आजी पावसाचं बोलायची ते नक्षत्रांतच: मृग कोरडा गेला, आर्द्रा बरी लागली, हत्ती गडगडला. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, तारखा पंचांगात मिळतात. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुष्य १९-२० जुलैच्या सुमारास, आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. पाच मिनिटांच्या नोंदी हाताशी असल्या की सूर्य नक्षत्रात शिरतो त्या घटकेपासून बेरीज करता येते. एका तक्त्यात उभी वर्षं, आडवी नक्षत्रं, चौकटीत मिलिमीटर. घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर तो तक्ता त्यांना आधी दाखवा आणि त्यांना आठवत असलेलं शेवटच्या रकान्यात लिहून घ्या.